ताज्या स्ट्रॉबेरीचा जिन सावर घरी करताना: पातळ चव आणि बसणारा फेस

खलबत्ता:

नमस्कार मंडळी. बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरपूर आलीये, तर ताज्या फळाचा जिन सावर (जिन, लिंबू आणि साखरेचं आंबट-गोड पेय) घरी नीट जमवायचा आहे. बाजारचा क्रश नको, फळच हवं. नेटवर थोड्याफार फरकाने एकच कृती सापडते: ६० मिली जिन, ३० मिली लिंबाचा रस, ३० मिली साखरेचं सिरप, पाच-सहा ठेचलेल्या स्ट्रॉबेरी, एका अंड्यातला पांढरा भाग, बर्फ, हलवा आणि गाळा. या मापाने ग्लास काठोकाठ भरतो, पण चव पातळ लागते, स्ट्रॉबेरीचा वास जेमतेम येतो, गाळणी तुंबते आणि फेस दोन-तीन मिनिटांत बसतो.

आपलं कागदी लिंबू धरून खरं प्रमाण काय ठेवायचं? फळ ठेचायचं, मिक्सरला लावायचं की आणखी काही? घरात शेकर (पेय हलवायचं झाकणाचं भांडं) नाही, मडलर (फळ ठेचायचा दांडा) नाही, चहाची गाळणी आहे. आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी फेस कशाने आणायचा? कारणांसकट सांगितलंत तर फार बरं होईल.

मोजूनमापून:

पाणचटपणाचा दोष लोक बर्फाला देतात, पण इथे आधी फळाकडे बघा. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. मध्यम आकाराच्या पाच स्ट्रॉबेरी म्हणजे ६०-७० ग्रॅम, आणि त्यांचा गाळलेला रस ४५ मिलीच्या आसपास. आता बेरीज करा, लिंबू आणि सिरप तुमच्या मापापेक्षा थोडं कमीच धरून. जिन ६०, लिंबू २५, सिरप २०, अंडं २५, फळाचा रस ४५ आणि हलवताना वितळलेला बर्फ साधारण ६०. झाले २३५ मिली. ४२.८ टक्के अल्कोहोलची जिन त्यात ११ टक्क्यांवर येऊन बसते. फळाचं पाणी वजा केलं तर हेच पेय १९० मिली आणि साडेतेरा टक्के होतं. सावरला अंग हवं असेल तर ते साडेतेराच्या जवळपासच असतं. चव कमी वाटली म्हणून आणखी दोन स्ट्रॉबेरी ठेचल्या की पेय आणखी पातळ होतं, हे त्यामुळेच.

उपाय असा: बरंचसं फळ आदल्या रात्री साखरेत मुरवून घ्या. म्हणजे साधं सिरप घालायच्या जागी स्ट्रॉबेरीचंच सिरप जातं आणि वरचं पाणी येत नाही.

२५० ग्रॅम स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, कापडावर कोरड्या करा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतलं की त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं. चार-चार फोडी करून २५० ग्रॅम साखरेत घोळवा आणि काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. मध्ये एकदा-दोनदा बरणी हलवा. सकाळी फोडी सुकलेल्या दिसतील आणि त्या लालभडक रसात तरंगत असतील. तळाला राहिलेली साखर चमच्याने विरघळवा आणि गाळा. फोडी दाबू नका, दाबल्या तर रस गढूळ होतो. ३०० मिलीच्या आसपास सिरप मिळतं आणि फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस चांगलं राहतं. उरलेल्या फोडी दह्यात घालून खा.

हे गॅसवर उकळू नका, कितीही घाई असली तरी. स्ट्रॉबेरीचा ताजा वास उष्णतेने उडतो, जॅमचा वास येतो आणि रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा सावर करायचा आणि फळ शिजवायचं, यात सगळी मेहनत वाया जाते.

हे सिरप समभाग साखर-पाण्याच्या साध्या सिरपपेक्षा गोड असतं. साध्या सिरपच्या २५ मिलीत जेवढी साखर, तेवढी याच्या २० मिलीत भरते. म्हणून एका ग्लासाचं माप असं धरा:

जिन ६० मिली
कागदी लिंबाचा रस २५ मिली
स्ट्रॉबेरी सिरप २० मिली
ताज्या स्ट्रॉबेरी २
अंड्यातला पांढरा भाग १५ ते २० मिली
मीठ, दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं

दोन ताज्या स्ट्रॉबेरी वासासाठी आहेत, त्या वगळू नयेत. सिरपला गोडवा आणि रंग असतो, नुकत्याच फोडलेल्या फळाचा कोवळा वास मात्र त्याला नसतो.

फळाचा गोडवा हंगामागणिक आणि बागेगणिक बदलतो. म्हणून पहिला ग्लास करण्याआधी लिंबू, सिरप आणि ठेचलेलं फळ एवढंच मिसळून चाखा. जिन आणि बर्फ पडायच्या आधी ते थोडं जास्त आंबट-गोड लागायला हवं, कारण थंड झाल्यावर जिभेला गोडी कमी जाणवते. सुधारणा एका वेळी ५ मिलीचीच करा. जिगर (दारू मोजायचं छोटं माप) नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण उत्तम चालतं. वजनकाटा असेल तर आणखी सोपं.

देठासकट:

वरची कृती करण्याआधी फळ नीट निवडा, नाहीतर रात्रभर मुरवूनही हाती नुसतं गोड पाणी येईल. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाही. देठाजवळचा भाग पांढरा असेल तर ती लवकर तोडलेली आहे, घरी ठेवून फक्त मऊ पडेल, गोड होणार नाही. आकाराला भुलू नका, डबा नाकाजवळ धरा. झाकणावरून वास यायला हवा. डबा उलटा करून तळची फळंही बघा, खालच्या थराला बहुतेक वेळा रस सुटलेला असतो. थोडी मऊ पडलेली पण वासाची स्ट्रॉबेरी या कामाला टणक आणि देखण्या फळापेक्षा सरस. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी ते फळ टाकून द्या.

हंगाम एप्रिलपर्यंत आटपतो. त्याआधी चांगली फळं देठ काढून फ्रीजरमध्ये ठेवलीत तर पावसाळ्यातही हे पेय होईल. गोठताना फळाच्या पेशी फाटतात, त्यामुळे वितळल्यावर रस आपोआप सुटतो. साखर घालून बरणीत वितळू द्यायची, ठेचायचीही गरज नाही.

फेसाळ:

फेसाबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची गाडी तिथे अडते.

फेस बसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे चरबी. पिवळ्या बलकाचा थेंब पांढऱ्यात गेला, किंवा ज्या भांड्यात हलवताय त्याला तेलाचा हात लागला असेल, तर फेस धरत नाही. भांडं गरम पाण्याने धुऊन कोरडं करा. साबणही पूर्ण निघायला हवा. दुसरं म्हणजे गर. ठेचलेल्या फळाचा चोथा आत ठेवूनच अंडं फेटलं तर तो गर फेसात अडकतो, आणि शेवटी बारीक गाळणीतून ओतताना ती तुंबते. ती मोकळी करायला चमच्याने ढवळलं की फेस मोडतो. त्यामुळे गर आधी गाळा, अंडं नंतर घाला.

माझा क्रम असा. दोन स्ट्रॉबेरी, लिंबू, सिरप, मीठ आणि जिन, सगळं एकत्र ठेचा. जिन सुरुवातीलाच घालायची, कारण वासाची तेलं अल्कोहोलमध्ये पाण्यापेक्षा जास्त उतरतात. पाच मिनिटं थांबा. चहाच्या गाळणीतून गाळा आणि चोथा चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा. आता अंड्यातला पांढरा भाग घाला आणि बर्फाशिवाय २० सेकंद जोरात हलवा. त्यानंतर बर्फ घालून १२ ते १५ सेकंद. लगेच ओता. ओतताना फक्त बर्फाचे तुकडे अडवायचे आहेत, त्यासाठी मोठ्या भोकांची गाळणी किंवा झारा पुरतो.

बर्फाशिवाय हलवायचं कारण असं की अंड्यातली प्रथिनं कोमट असताना लवकर उलगडतात आणि हवा धरतात. लिंबाचं आम्ल त्यांना मदतच करतं. बर्फ घातल्यावर फेस घट्ट आणि बारीक होतो. एक सावधगिरी: बर्फाशिवाय हलवताना झाकण दोन्ही हातांनी गच्च धरा. बर्फ असताना आतली हवा आकसून झाकण खेचून धरते. बर्फ नसताना उलट होतं, आत दाब वाढतो आणि झाकण उडू शकतं.

शेकर नसेल तर रुंद तोंडाची, आट्यांच्या झाकणाची स्टीलची बाटली घ्या. काचेच्या बरणीत बर्फ घालून जोरात हलवू नका, फुटण्याचा धोका खरा आहे. थर्मासही नको. त्याच्या दुहेरी भिंतीमुळे बाहेर गारवा जाणवत नाही, म्हणून कधी थांबायचं ते हाताला कळत नाही. स्टील हाताला चटका बसेल इतकं गार लागलं की झालं. ठेचायला खलबत्त्यातला बत्ता किंवा लाटण्याचं टोक, मसाल्याचा वास धुऊन काढून. (तुमच्या नावातच अवजार आहे!) मिक्सर टाळा. स्ट्रॉबेरीच्या वरच्या बिया दळल्या गेल्या की तुरट-कडसर चव उतरते आणि गर इतका बारीक होतो की कुठल्याच गाळणीत अडत नाही.

बर्फ फ्रीजरमधून काढल्या काढल्या वापरा, एका ग्लासाला आठ-दहा तुकडे. ताटलीत काढून ठेवलेल्या बर्फावर पाण्याचा थर असतो, आणि ते पाणी पेय गार न करता थेट आत मिसळतं. कमी बर्फ घातल्याने पाणी कमी होतं हा समज चुकीचा आहे. कमी बर्फ भराभर वितळतो आणि पेय गारही होत नाही.

अंडं ताजं आणि न तडकलेलं हवं, फोडण्याआधी कवच धुवून पुसून घ्या. जिन किंवा लिंबू कच्च्या अंड्यातले जंतू एवढ्या वेळात मारत नाही, हे लक्षात असू द्या. वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चं अंडं देऊ नका. त्यांच्यासाठी पाश्चराइज्ड पांढऱ्याचं पाकीट घ्या, नाहीतर काबुली चण्याचं पाणी.

काबुली चणा:

माझा विषय निघाला. अंडं नको असेल तर २०० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. ताजं पाणी चण्यांच्या वर एक बोट राहील इतकंच घालून, मीठ आणि सोडा न घालता कुकरमध्ये चणे मऊ शिजवा आणि त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. मग पाणी गाळून घ्या. ते अंड्यातल्या पांढऱ्याइतकं दाट हवं, बोटांत धरल्यावर चिकट तार लागायला हवी. पातळ असेल तर मंद आचेवर आटवून पुन्हा गार करा. इथेच बहुतेकांचं चुकतं. कुकरमधलं पातळ पाणी तसंच घातलं तर फेस येतो आणि ग्लास टेबलावर पोहोचेपर्यंत विरतो.

एका ग्लासाला २५ मिली. बर्फाशिवाय हलवायचा वेळ दीडपट, म्हणजे ३० सेकंद. अंड्याइतका मखमली नाही, पण पांढराशुभ्र फेस येतो. चण्याचा वास सुरुवातीला नाकाला जाणवतो, लिंबू आणि जिनमध्ये तो झाकला जातो. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, हवे तितके तुकडे काढता येतात.

एडिसनकर:

न्यू जर्सीतून. इथे ताजी रास्पबेरी सहज मिळते आणि हे पेय मुळात तिच्यासाठीच आहे असं माझं ठाम मत. क्लोव्हर क्लब म्हणजे रास्पबेरीचाच जिन सावर. फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू हॉटेलात जमणाऱ्या त्याच नावाच्या मंडळावरून नाव पडलं. माझं माप: जिन ४५, ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींचा वास दिलेली, गोड नसलेली वाइन) १५, पिवळ्या लिंबाचा रस २०, साधं सिरप २०, रास्पबेरी सहा, अंड्यातला पांढरा भाग १५. रास्पबेरी ठेचायची गरज नाही, बोटांनी चुरली तरी पुरते. रात्रभर मुरवणंही नको, तिचा वास स्ट्रॉबेरीपेक्षा कितीतरी तीव्र असतो. बिया मात्र फार, त्यामुळे फेसाळ यांनी सांगितलेला आधी गाळायचा क्रम इथे आणखी गरजेचा.

लिंबाबद्दल: इथलं पिवळं लिंबू आणि आपलं कागदी, दोघांत आम्ल जवळपास सारखंच, सहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे माप बदलू नका. फरक वासात आहे. कागदी लिंबू जास्त झणझणीत आणि सालीशी थोडं कडसर असतं. ते लोखंडी दाबयंत्रात शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं की साल आणि बिया चेपल्या जाऊन कडवटपणा रसात येतो. हाताने पिळा, तीन-चतुर्थांश रस निघाला की सोडून द्या.

खलबत्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याचा हिशोब पाहून कृतीच उलटी मांडावी लागणार हे कळलं. एक पुढचा प्रश्न: सहा जण आहेत, त्यातल्या दोघांना अंडं चालत नाही. दर ग्लासाला हे सगळं करत बसलो तर पाहुणे ताटकळतील. आधी काय करून ठेवता येईल?

मोजूनमापून:

सहा जणांसाठी जिन ३६०, लिंबू १५०, सिरप १२०. एकूण ६३० मिली, जिनच्या रिकाम्या ७५० च्या बाटलीत आरामात मावतं. कागदी लिंबं आठ ते दहा लागतील, एकातून १५ ते २० मिली रस येतो. जिन आणि सिरप आदल्या दिवशी मिसळून फ्रीजमध्ये ठेवलंत तरी चालेल. लिंबू मात्र त्याच दिवशी, पाहुणे यायच्या आधी फार तर चार तास पिळा. पिळलेला रस रात्रभर राहिला की त्याची टवटवी जाते आणि चव बोथट होते. अंडं बाटलीत कधीच घालू नका.

ऐनवेळी दोन-दोन ग्लास करा. बाटलीतून २१० मिली, चार ताज्या स्ट्रॉबेरी ठेचून, गाळून, एका अंड्यातला पांढरा भाग. आपल्याकडच्या मध्यम अंड्यात तो ३० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे दोन ग्लासांना बरोबर. तीन ग्लास एकदम करायचा मोह टाळा. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरलं की आत हवेला जागा राहत नाही आणि फेस येत नाही. अंडं न खाणाऱ्या दोघांचा घाणा सगळ्यात आधी काढा, म्हणजे मध्ये भांडं घासत बसावं लागणार नाही. बाटली गार असेल तर बर्फासकट हलवायचा वेळ १० सेकंदांवर आणा, नाहीतर गार पेयात उगाच पाणी जातं.

ग्लास पसरट आणि १८०-२०० मिलीचे घ्या. १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. ओतल्यावर अर्धा मिनिट हात लावू नका, फेस वर येऊन वेगळा थर धरतो. त्यावर लिंबाच्या सालीचा एक तुकडा पिळून तेल उडवा, अंड्याचा वास जातो.

आणि महाराष्ट्रात असाल तर जिनसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवाना हवा, एका दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो. बोलावताना गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा.

म्हापसेकर:

स्ट्रॉबेरी संपल्यावर थांबू नका, पुढची फळं याहून रंगतदार आहेत.

तुती मार्च-एप्रिलमध्ये येते. गोड असते, आंबटपणा कमी. म्हणून सिरप १५ आणि लिंबू ३० करा. हिरवे देठ काढलेच पाहिजेत, ठेचले की गवताची चव देतात. लिंबू पडताच तिचा जांभळा रंग किरमिजी होतो, कारण या रंगद्रव्याला आम्लात लाली चढते. पाटावर आणि शर्टावर पडलेला डाग मात्र निघत नाही, काम बेसिनमध्ये करा.

करवंदं पिकून काळी झालेलीच घ्या. चीक असतो, म्हणून अर्धी कापून दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि पाणी फेका. बिया काढून साखरेत मुरवा, वजनाला तेवढीच साखर. मूळचीच आंबट असल्याने लिंबू १५ मिलीवर आणा.

जांभूळ तुरट. तिथे अंड्यातला पांढरा भाग दुहेरी काम करतो, तुरटपणा आणणाऱ्या टॅनिनला त्यातली प्रथिनं धरून ठेवतात आणि घशाला पडणारी कोरड कमी होते. त्यामुळे जांभळाला चण्याच्या पाण्यापेक्षा अंडंच चांगलं. दहा जांभळांचा गर बोटांनी सोडवा, बिया ठेचू नका, आणि मीठ थोडं वाढवा.

फेणी वापरायची असेल तर स्ट्रॉबेरीबरोबर नको. काजू फेणीचा वास तिला पार झाकून टाकतो. करवंद किंवा जांभळाबरोबर मात्र ४५ मिली फेणी, २० लिंबू, २० सिरप असं घेऊन बघा. करवंदाला लिंबू १५ च ठेवा. फेणी थोडी कमीच बरी, ६० घेतली तर ग्लासात फळ शोधावं लागेल.